मोबाईलची घोडी

प्लायवूडला मी लाकूड म्हणत न्हाई. कोणी म्हणलं तर त्याच्याकडं एकदा नीट पाहून घेतो, म्हंजे पुढं त्याच्याशी किती बोलायचं ते ठरवता येतं. लाकूड झाडाचं असतं. त्याला नस असते, गाठ असते, कोणत्या साली झाडाला पाणी कमी पडलं ते बी कापल्यावर दिसतं. प्लायवूड म्हंजे सालपटं डिंकानं एकावर एक चिकटवून वरून दाबलेली. भिजलं की पापडासारखं फुगतं. मी पन्नास वर्षं सुतारकाम करून राह्यलो. जालन्यात मस्तगडला माझं दुकान आहे, आणि त्या दुकानात प्लायवूडचा तुकडा कधी आला न्हाई. म्हंजे मागच्या उन्हाळ्यापर्यंत आला न्हाई. मागच्या उन्हाळ्यात माझ्या सुनेनं आणला.

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यामुळं इथं माझं शुद्धलेखन कोणी तपासत बसू नये. ज्याला तपासायचं त्यानं आधी चारी कोपरे काटकोनात येतील असा एक पाट करून दाखवावा, मंग बोलावं.

आमचं खाली दुकान आणि वर घर. वर जायचा जिना बाहेरून, गल्लीतून. मला एकच पोरगा. त्याला लहानपणी रंधा हातात दिला तर तो रडायचा, मोठेपणी दिला तर हसायचा. आता एमआयडीसीत सळईच्या कंपनीत जातो, लोखंड वितळवतो. त्याचं त्याला लखलाभ. सून भोकरदनकडची, पिंपळगाव रेणुकाईची. शेतकऱ्याची पोरगी, पण शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा एका छापखान्यात लग्नपत्रिकेचं डिझाइन करायला जायची. मंग लोक पत्रिका बी मोबाईलवरच पाठवायला लागले आणि छापखानेवाल्यानं तिला घरी बसवलं. सहा महिने घरी बसली, आणि एक दिवस टेम्पोतून लेझरचं मशीन घेऊन आली. कोणाला विचारलं न्हाई. नवऱ्याला बी न्हाई. माहेरचे दिवस धरून हौसेनं स्वतःसाठी घेतलेली ती तिची पहिली वस्तू, असं ती माझ्या बायकोजवळ म्हणली होती. बायकोनं ते मला सांगितलं. कामून सांगितलं ते मला तेव्हाच कळलं होतं, पण मी वळून बी पाहिलं न्हाई.

मशीन कसं आहे ते सांगतो. आईस्क्रीमवाल्याकडं काचेच्या झाकणाचा लांब डबा असतो न्हाई का, तसं. पण आत थंड न्हाई, आग. सुईच्या टोकाएवढी आग पुढंमागं सरकते आणि प्लाय कापते. कापते कसली, जाळते. कापणं वेगळं असतं, जाळणं वेगळं असतं. त्या आगीची नळी गरम होऊ नये म्हणून शेजारी एक बादली, बादलीतलं पाणी नळीतून फिरत राहतं. मे महिन्यात त्या बादलीत ती बर्फाच्या बाटल्या टाकायची. माझ्या बायकोनं मला जन्मात बर्फाचं पाणी दिलं न्हाई, घसा धरतो म्हणून. मशीनसाठी फ्रीजचा वरचा कप्पा रिकामा करून दिला.

दोरानं ओढून गॅलरीतून ते मशीन वर चढवलं होतं. ते सैपाकघराशेजारच्या खोलीत बसलं. चालू झालं की धूर सरळ चुलीकडं. बायकोला आधीच दम्याचा त्रास, ती खोकू लागली. खोकता खोकता सुनेलाच म्हणायची, "तू तुझं काम कर गं, मला काही न्हाई होत." हे मी ऐकलेलं आहे.

मंग एक दिवस दुपारच्या जेवणाला सून म्हणली, "मामा, एक विचारू?" आमच्याकडं सुना सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. "मशीन खाली दुकानात घेऊ का? आत्याला खोकला येऊन राह्यला."

"दुकानात मी बसतो," मी म्हणलो.

"सगळं दुकान न्हाई मागत. पुढची अर्धी बाजू. रस्त्याकडच्या खिडकीतून धुराचं नळकांडं बाहेर काढता येईल. गिऱ्हाइकाला जिना चढायला बी नको."

पुढच्या बाजूला काय आहे ते तिला ठाऊक होतं. तिथं माझा कामाचा बाभळीचा ठोकळा जमिनीत गाडलेला आहे, त्याच्यापुढं माझं गोणपाट, आणि खिडकीतून उजेड येतो तो थेट ठोकळ्यावर. पन्नास वर्षं मी त्या उजेडात बसलो. मागच्या बाजूला उजेड न्हाई. तिथं फळ्या उभ्या करतात.

"गिऱ्हाईक?" मी म्हणलो. "कोणतं गिऱ्हाईक?"

तिनं सांगितलं. एका शिकवणीच्या क्लासवाल्या सरांना साठ मोबाईल स्टँड पाहिजे होते. मोबाईल उभा ठेवायची लाकडाची घोडी, त्याच्यावर क्लासचं नाव कोरलेलं, पोरांना वाटायला. रविवारी सर नमुना पाहायला येणार होते. पसंत पडला तर काम तिचं.

मला हसू आलं. मोबाईल उभा ठेवायला वस्तू लागते! माणसाच्या हाताला काय झालं? पण बोलायच्या भरात मी वेगळंच बोलून गेलो. "ठीक आहे. तू एक नमुना कर, मी बी एक करतो. रविवारी दोन्ही त्याच्यापुढं ठेवू. तुला काम मिळालं तर मशीन खाली, पुढच्या बाजूला. न्हाई मिळालं तर मशीन वरून बी जाईल."

"कुठं जाईल?"

"पिंपळगावला. तुझ्या भावाकडं. सोयाबीनच्या पोत्याशेजारी ठेव म्हणा."

पोरगा ताटात पाहून म्हणला, "मला मधात घेऊ नका." तो जन्मापासून हेच म्हणून राह्यला.

सुनेनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. मंग म्हणली, "बरं मामा." बायकोनं माझ्या ताटात भाकर आपटली आणि विचारलं, "अजून वाढू, का बोलूनच पोट भरलं?"

दुसऱ्या दिवसापासून डिझाइन सुरू झालं. डिझाइन म्हंजे कम्प्यूटरवर रेघा. लाल रेघ असली की मशीन कापणार, काळी असली की नुसतं कोरणार. दोन दिवस ती रेघा मारून राह्यली आणि पुसून राह्यली. आम्ही लाकडावर रेघ मारतो. पेन्सिल टोकदार करायची, काटकोनाचा गुण्या लावायचा, श्वास रोखायचा आणि एकदाच मारायची. हिची रेघ काचेवर. आवडली न्हाई की पुसली. पुसता येतं म्हणून माणूस चुकत राहतो, असं माझं मत आहे, आणि ते मी जेवताना मोठ्यानं सांगितलं बी.

तिचा नमुना असा होता: एक पाठ, पाठीला खालून दोन पाय, आणि पुढं मोबाईल टेकायला एक पट्टी. खिळा न्हाई, डिंक न्हाई. एका तुकड्यात खाच, दुसऱ्या तुकड्यात खाच, एकमेकांत बसवायचं. ही अक्कल तरी आमच्याच धंद्यातली आहे, कम्प्यूटरची न्हाई.

ती खाली आली. मी रंधा ओढून राह्यलो होतो. "मामा, खाच केवढी ठेवू? प्लाय तीन एमेमची आहे."

"सूतभर ठेव."

"सूत म्हंजे किती?"

"सूत म्हंजे सूत."

इंचाचे आठ सूत असतात. हे कोणत्याही सुताराला, गवंड्याला, लोहाराला माहीत असतं. मला एमेम येत न्हाई आणि मी तो शिकणार बी न्हाई. पण इंचाचे आठ हे सांगायला मला काही खर्चा येणार नव्हता. सांगितलं न्हाई. ती वर गेली आणि तिनं तीनची खाच ठेवली.

पहिला नमुना कापून जोडला तो खुळखुळा झाला. हातात घेऊन हलवला तर चार तुकडे चार दिशांना बोलायचे. पोराचा मोबाईल त्याच्यावर ठेवला तर तो हळूच बसला, म्हातारी माणसं बसतात तसा, आणि पाय फाकवून आडवा झाला. मी हसलो. जिन्यावर बसून हसलो, तिला ऐकू जाईल असा.

कामून ढिलं झालं ते मला पाहताक्षणीच कळलं होतं. त्यात कम्प्यूटरचं काही न्हाई. करवत स्वतः थोडं लाकूड खाते. त्याचा भुसा होतो. म्हणून करवत रेघेवर चालवायची न्हाई, रेघेच्या पलीकडं चालवायची, टाकाऊ अंगाला. खाईल ते तिकडचं खाईल, रेघ राहिली पाहिजे. हे पहिल्या महिन्यात शिकायचं असतं. माझ्या बापानं मला ते पटाशीच्या मुठीनं बोटांवर मारून शिकवलं. सुनेचं मशीन रेघेच्या बरोबर मधून आग नेतं, आणि आग दोन्ही अंगांनी खाते. खाच रुंद होणारच. त्यात बाजारातली तीन एमेमची प्लाय तीनची नसतेच, कमीच असते. प्लायवाले मापात बी खोटं बोलतात.

हे मी तिला सांगितलं न्हाई. ती विचारायला आली न्हाई असं लिहायची सोय असती तर बरं झालं असतं. पण ती आल्ती. तो खुळखुळा घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. "मामा, माप बराबर टाकलं, तरी ढिलं कामून होऊन राह्यलं?"

"मशीनला विचार," मी म्हणलो.

ती गेली. त्या दिवशी जेवताना कोणी माझ्याशी बोललं न्हाई. मला बी बोलायची गरज वाटली न्हाई.

गुरुवारी मला वर एक पट्टी दिसली. वीतभर प्लायची पट्टी, तिला दहा खाचा, कंगव्यासारख्या. प्रत्येक खाचेखाली बारीक आकडा कोरलेला. एक खाच दुसरीहून केसभर रुंद. ती एकेका खाचेत प्लायचा तुकडा घालून पाहून राह्यली होती. एका खाचेत तुकडा गच्च बसला, ओढला तर किंचित कुरकुरला. तो आवाज मला ओळखीचा आहे. बसलेल्या जोडाचा आवाज. तिनं तो आकडा वहीत लिहून घेतला.

मी काय म्हणणार? दहा खाचा कापल्या तेव्हा तिला एक सापडली. आम्ही एकच कापायचो आणि ती बराबर यायची. हे मी बायकोला म्हणलो. बायको म्हणली, "तुमच्या हातात बापानं पटाशी दिली, तिच्या हातात कोणी काही दिलं का?" बायकांना वादात नको तिथं नेमकं बोट ठेवायची सवय असते.

आता माझा नमुना. त्याच्याबद्दल लिहिताना मी घाई करणार न्हाई.

पोथी ठेवायची घोडी सगळ्यांनी पाहिली असेल. मुसलमान लोक तिला रेहल म्हणतात, कुराण ठेवतात तिच्यावर. दोन फळ्या एकमेकींत अडकलेल्या, उघडली की ओंजळीसारखी. लोकांना वाटतं दोन फळ्या बिजागरीनं जोडल्या. न्हाई. ती एकच फळी असते. मधोमध बोटं कोरायची, अर्धी या अंगानं, अर्धी त्या अंगानं, पटाशीनं, आतल्या आत गोल. मंग फळीच्या जाडीतून करवत घालायची आणि दोन्हीकडून मधापर्यंत चिरत आणायची. शेवटचा भुसा पडला की फळी हातात उघडते. खिळा न्हाई, डिंक न्हाई, दुसरं लाकूड न्हाई. एक बोट चुकलं तर फळी फुकट. जालन्यात मी हे काम देवळांना दिलं, मशिदींना दिलं. आता करणारं माझ्याशिवाय कोणी न्हाई. असलं तर यावं पुढं.

जुन्या दाराचं सागवान माझ्याकडं होतं, मधासारख्या रंगाचं. पोराचा मोबाईल मागून घेतला, सुतळीनं त्याची उंची, रुंदी, कव्हरासकट जाडी घेतली. तीन दिवस बसलो. शनिवारी दुपारी घोडी उघडली. गोणपाटावर मांडी घालून बसलो, ती पुढ्यात ठेवली, मोबाईल तिच्यावर ठेवला. असा बसला की जणू तिच्यासाठीच केलता. मान खाली घातली की सरळ डोळ्यांपुढं. पोराला दाखवली. तो म्हणला, "भारी झाली." त्यानं उभ्यानंच पाहिली होती. पण ते मला तेव्हा सुचलं न्हाई.

रविवारी अकरा वाजता सर आले. पस्तिशीचा माणूस, डोक्यावर गॉगल, हातात दोन मोबाईल, पायात जोडे. जोडे घालूनच दुकानात शिरला. ज्या जमिनीवर मी बसून काम करतो त्या जमिनीवर. सुनेनं वरून प्लास्टिकचा टेबल आणि खुर्ची आणून ठेवली होती. तो बसला. दोन्ही नमुने टेबलावर होते. त्यानं आधी माझा उचलला.

"वा काका! एकदम अँटिक पीस."

अँटिक म्हंजे काय ते मी नंतर पोराला विचारलं. जुनं झालं म्हणून ज्याला मान मिळतो ते. काल दुपारी झालेली वस्तू!

सरांनी घोडी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. खेळणं मिळाल्यासारखं. मंग तिच्यावर आपला मोबाईल ठेवला, व्हिडिओ चालू केला आणि खुर्चीत मागं सरकून बसले. पाहिलं आणि हसायला लागले. "काका, यात मी दिसतच न्हाई. तुमचा पंखा दिसून राह्यला."

मी वाकून पाहिलं. खरंच पंखा होता. गेल्या दिवाळीपासून पुसला न्हाई हे बी दिसत होतं.

"खाली बसा," मी म्हणलो. "मांडी घालून बसा, मंग दिसाल."

सरांनी प्रयत्न केला. पँट एवढी घट्ट की गुडघे वाकायला तयार न्हाईत. अर्ध्यात आले, टेबलाचा पाय धरला, पुन्हा वर गेले. "काका, पोरं टेबल-खुर्चीवर अभ्यास करतात हो. खाली कोण बसतं आता? आणि चार्जिंगची वायर कुठून घालायची? खालचं भोक तर बुजलं."

माझ्याकडं बटणांचा मोबाईल आहे. बंडीच्या खिशात असतो, चार्जिंगला आडवा निजतो. काम करता करता मोबाईलला वायरीनं पाजावं लागतं हे मला कोण सांगणार? आणि टेबलावरच्या माणसासाठी घोडीची पाठ उभी पाहिजे, हे मला कळायला पाहिजे होतं. हे बी लिहितो कामून, तर खोटं लिहायचं न्हाई म्हणून. मी पन्नास वर्षं जमिनीवर बसलेल्या माणसासाठी घोड्या केल्या. या माणसाला जमिनीवर बसताच येत न्हाई हे माझ्या मापात नव्हतं.

मंग सरांनी सुनेचा नमुना घेतला. तो पहिल्यासारखा खुळखुळा नव्हता, जोड गच्च होते. पाठ उभी, वायरीला खाली गोल भोक, पट्टीवर क्लासचं नाव कोरलेलं, कडा जळून काळ्या. सर म्हणाले, "हे परफेक्ट." मोबाईल ठेवला. तोंड दिसलं. सून पदराचं टोक बोटाला गुंडाळून राह्यली होती, ते थांबलं.

"आता पोरं यावर गणितं सोडवतील," सर म्हणाले आणि मोबाईलच्या वरच्या कोपऱ्यात बोट मारलं.

स्टँड मोबाईलसकट मागं पालथा झाला. सरांनी मोबाईल झेलला.

पुन्हा ठेवला, पुन्हा बोट मारलं, पुन्हा पालथा.

"न्हाई मॅडम," सर उठले. "पोरं दिवसभर बोटं मारणार. मी पुण्याहूनच मागवतो. तिकडं रेडी मिळतात. आपल्या इकडच्या लोकांना हे बारीक काम जमत न्हाई."

सुनेनं माझ्याकडं पाहिलं न्हाई. तिनं स्टँड उचलला आणि त्याची जळकी कड अंगठ्यानं पुसायला लागली, पुसून जाणारी नव्हती तरी. बायको चहाचे कप घेऊन जिन्याखाली उभी होती. तिनं मात्र माझ्याकडं पाहिलं.

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. सर दुकानाच्या बाहेर पडले असते, मशीन पिंपळगावला गेलं असतं, माझा ठोकळा माझ्या उजेडात राहिला असता. पण इकडच्या लोकांना जमत न्हाई! कोण म्हणून राह्यलं? ज्याला मांडी घालता येत न्हाई तो. कुठं म्हणून राह्यलं? माझ्या दुकानात. काय घालून? जोडे घालून.

"सर, चहा आला," मी म्हणलो. "बसा. आणि जोडे तिकडं बाहेर काढा."

"काका, मला जल्दी आहे…"

"जोडे काढा."

त्यांनी काढले. शिकवणारा माणूस असला तरी कोणी दरडावलं की ऐकतो.

मी सुनेच्या हातातून स्टँड घेतला. "खुर्चीचा मागचा पाय पाहिला का कधी?"

"मामा?"

"खुर्ची, खुर्ची. लाकडाची, ही प्लास्टिकची न्हाई. मागचा पाय सरळ खाली येतो का? न्हाई. मागं झुकतो. माणूस रेलला तरी खुर्ची पालथी कामून होत न्हाई? त्या झुकलेल्या पायामुळं. तुझा पाय पाठीच्या खालीच संपला. तो मागं काढ." कानावरची पेन्सिल घेऊन मी तिच्या प्लायवरच रेघ मारली. प्लायवर मारलेली माझी ती पहिली रेघ.

"किती मागं काढू?"

"अंगठ्याएवढा."

मला वाटलं आता विचारणार, अंगठा म्हंजे किती. तिनं विचारलं न्हाई. कमरेला खोचलेली मोजपट्टी काढली, माझा हात धरला, माझा अंगठा पट्टीवर आडवा ठेवला आणि मोजला. सासऱ्याचा हात असा कोणी धरतं का? "पंचवीस," ती म्हणली आणि जिन्याकडं पळाली.

आम्ही चहा प्यायलो. सर मला सांगत होते की आजकाल सगळं ऑनलाइन झालं आहे. मी ऐकून घेतलं न्हाई. वरून मशीनचा पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. बायको खोकली. बशीतला चहा संपायच्या आत सून खाली आली, हातात नवा स्टँड, कोमट, जळका वास मारणारा. पाय मागं झुकलेले.

सरांनी मोबाईल ठेवला. बोट मारलं. मंग दोन बोटं. मंग बोटांची मागची हाडं, दार वाजवल्यासारखी. स्टँड जागचा हलला न्हाई.

"अरे वा," सर म्हणाले. "ओके मॅडम. साठ करा."

एवढंच. जोडे घालता घालता त्यांना माझी घोडी पुन्हा दिसली. "काका, हे मला द्या ना. आईच्या पोथीला होईल."

"आईला घेऊन या," मी म्हणलो. "तिला खाली बसता येत असेल तर देईन."

संध्याकाळी पोरगा कामावरून आला, त्याला सगळं कळलं. म्हणला, "तुम्ही गप राहिले असते तर जिंकले असते की."

"गप राहून जिंकायला मी काय तू आहे का?" मी म्हणलो. तो हातपाय धुवायला गेला.

मशीन खाली आणायला पुढचा मंगळवार धरला. त्याच्या आदल्या दिवशी मी स्वतः पहार घेऊन ठोकळा उपटला. पोरगा मदतीला आल्ता, त्याला हाकललं. ठोकळा मागं नेऊन गाडला. तिथं सुनेनं आधीच एक ट्यूबलाइट लावून ठेवली होती. पांढरा उजेड, दवाखान्यासारखा. त्याच्यात सागवान बी प्लायवूडसारखं दिसतं. मी ती अजून लावली न्हाई. दार उघडं ठेवलं की माझ्यापुरता उजेड येतो.

मंगळवारी मशीन दोरानं गॅलरीतून खाली सोडलं, हातगाड्यावर ठेवलं, दुकानाच्या दारापर्यंत आणलं आणि तिथं अडलं. दार दोन बोटं कमी पडत होतं.

मंग जो तो शहाणा झाला. पोरगा म्हणला ग्राइंडर आणतो, चौकटीच्या बाजू कापून टाकू. हातगाडीवाला म्हणला भिंत फोडा. समोरचा किराणावाला येऊन म्हणला मशीनच तिरकं करा. सून म्हणली, "मामा, मी मशीनचं एका बाजूचं झाकण खोलून पाहते."

"कोणी कशाला हात लावायचा न्हाई," मी म्हणलो. "ही चौकट कोणी बसवली?"

पोरगा चौकटीकडं पाहायला लागला.

"मी बसवली. मंग काढायची बी मीच."

माझ्या लग्नाच्या वर्षी बसवलेली चौकट. खाली दोन्ही पाय जमिनीत गाडलेले, वर जोडात बाभळीच्या खुंट्या. मी आधी दाराच्या दोन्ही फळ्या उतरवल्या. मंग खुंट्यांना हात घातला. पहिली खुंटी निघेना. हातोडा घातला, निघेना. भोकात तेल सोडलं, थांबलो, पुन्हा घातला. दुसरीला ड्रिल लावा म्हणून पोरगा मागून सांगून राह्यला होता. ज्यांनी आयुष्यात एक खुंटी ठोकली न्हाई त्यांना ती काढायची घाई फार. मी त्याच्याकडं वळून बी पाहिलं न्हाई. तिसऱ्या खुंटीला तर टोक दिसायलाच घंटाभर लागला, आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्यावर माझ्या तेव्हाच्या पटाशीची धार तशीच्या तशी होती. हातात घेऊन पाहिली. बराबर होती.

ऊन डोक्यावर आलं. मशीन रस्त्यावर हातगाड्यावर उभं. सुनेनं त्याच्यावर आपलं जुनं लुगडं टाकलं, ते बंद असलं तरी त्याच्या बादलीत बर्फाची बाटली टाकून आणली, आणि दारासमोर पायरीवर बसून राहिली. मधेच एकदा म्हणली, "मामा, पाणी देऊ?"

"काम चालू आहे," मी म्हणलो.

दुपारचे दोन वाजले चौकट मोकळी होऊन मशीन आत जायला. तेवढा वेळ त्या मशीनला माझ्या दारात उन्हात उभं राहावं लागलं.